सिंगल स्पीड सायकलची चेन पुन्हा पुन्हा का उतरते, आणि ते कसं थांबवायचं

दुकानातून चेन घट्ट करून आणली. आठवडाभर झकास चालली. मग एका स्पीडब्रेकरवर खटकन आवाज आला, पायडल मोकळं फिरायला लागलं आणि बोटं पुन्हा काळी. विनागिअरची सायकल चालवणाऱ्या मोठ्या माणसांची ही नेहमीची रड. मग ती घरातली जुनी काळी सायकल असो, सव्वीस इंची सिटी बाइक असो, नाहीतर जाड टायर, रुंद सीट आणि मागे वळलेलं हँडल असलेली क्रूझर असो.

खरं म्हणजे या सायकलींची चेन उतरायलाच नको. गिअरच्या सायकलीत चेन मुद्दाम एका चक्रावरून दुसऱ्यावर ढकलायची असते, तेव्हा तिथे ती कधी भलतीकडे जाणं समजू शकतं. इथे पुढे पायडलपाशी एक दातेरी चक्र (चेनव्हील), मागच्या चाकावर एक (फ्रीव्हील), मधे सरळ रेषेत चेन. ती उतरत असेल तर काहीतरी हललेलं आहे. आणि माझ्या पाहण्यात बहुतेक वेळा हललेलं असतं ते मागचं चाक. दोष नटाखाली, आणि शिक्षा चेनला! दुकानात "चेन वाढलीय" म्हणून एक जोड काढतात, घट्ट करून देतात, आणि नटाखालचा प्रकार तसाच राहतो. म्हणून तर ती पुन्हा उतरते.

आधी नीट आठवा: उतरते कधी?

पाना हातात घेण्यापूर्वी एवढं लक्षात ठेवलं तरी अर्धं काम होतं. चढावर उभं राहून जोर लावल्यावर, किंवा सिग्नलवरून निघताना उतरत असेल, तर मागचं चाक सरकतंय असं समजून चाला. खड्ड्यात, उतारावर, पाय न मारता उतरत असेल तर चेन सैल तरी आहे किंवा फ्रीव्हील जड फिरतंय. सपाट रस्त्यावर, काही कारण नसताना, आणि दर वेळी एकाच बाजूला पडत असेल (कायम आत फ्रेमकडे किंवा कायम बाहेर क्रँकवर, म्हणजे पायडलच्या दांड्यावर) तर चेनची रेष बिघडलीय किंवा चेनव्हील वाकलंय. चेन जागेवरच आहे पण जोर लावला की पाय कचकन खाली जातो, हा वेगळा आजार. त्यात दात झिजलेले असतात किंवा फ्रीव्हीलचे कुत्रे, म्हणजे आतल्या खिट्ट्या, घसरत असतात. त्याच्याकडे नंतर येऊ.

मागचा नट आणि त्याच्याखालची गर्दी

पायडल मारताना चेनची वरची बाजू ताणली जाते. हा सगळा ओढा मागच्या चाकाच्या एक्सलच्या (मधल्या दांड्याच्या) उजव्या टोकावर येतो, कारण चेन उजवीकडे आहे. उजवा नट थोडाही सैल असेल तर ते टोक फ्रेमच्या खाचेत पुढे सरकतं. डावं टोक जागेवरच राहतं. परिणाम दोन: चेन सैल पडते, आणि चाक तिरकं होऊन टायर डाव्या बाजूच्या नळीला घासायला लागतो. सायकल उभी करून मागून बघा. टायर आणि दोन्ही बाजूंच्या नळ्या यांच्यातली फट सारखी नसेल, डावीकडे कमी असेल, तर चोर सापडला.

खात्री करायची सोपी युक्ती आहे. एक्सलच्या शेजारी, खाचेच्या कडेला, नेलपॉलिशची किंवा मार्करची बारीक रेघ मारा, अशी की तिचा अर्धा भाग वायसरवर आणि अर्धा फ्रेमवर येईल. दोन-चार दिवस नेहमीसारखी सायकल चालवा. एखादा चढही चढा. रेघ तुटून दोन तुकडे पुढे-मागे झालेले दिसले, की चेनला दोष द्यायचं कारण उरलं नाही.

आता नट का सरकतो? "घट्ट केला नसेल" हे उत्तर अर्धवट आहे. आपल्याकडच्या सायकलीत मागच्या एक्सलवर काय काय टांगलेलं असतं ते बघा. कॅरिअरचे पाय, मडगार्डच्या तारा, स्टँडची पट्टी, कधी चेनकव्हरची क्लिप, कधी लहान मुलाच्या सीटचा आधार. प्रत्येक पट्टी पातळ पत्र्याची, वर रंगाचा जाड थर. नट या चळतीला दाबतो. रंग दबतो, पत्रा दबतो, आणि काल करकचून आवळलेला नट आज सैल असतो. त्यात कॅरिअरवर पोतं किंवा माणूस बसला की कॅरिअरचे पाय प्रत्येक खड्ड्याला नटाखाली थोडे थोडे हलतात आणि नटाला उकलतात.

आमच्या गल्लीतले एक निवृत्त शिक्षक सांगलीहून हरिपूरला संगमावर सायकलने जातात. त्यांची तक्रार अगदी हीच होती. "अहो, दुकानदार म्हणतो चेनच बोगस. नवी टाकून झाली, तरी तेच!" मी म्हटलं, "सर, चेन राहू द्या, कॅरिअरचे पाय काढून बघू या." उजवा नट काढला तर त्याच्याखाली कॅरिअरची पट्टी, मडगार्डची तार, स्टँडची पट्टी आणि एक चपटी झालेली वायसर, आणि या सगळ्याच्या मागे फ्रेम. वायसर सगळ्यात बाहेर, म्हणजे जिथे तिचा काही उपयोग नाही तिथे. फ्रेमच्या खाचेच्या कडेला घासल्याची चकाकी स्पष्ट दिसत होती.

उपाय काय करायचा ते सांगतो. सगळं सुटं करा. खाचेच्या दोन्ही बाजूंचा, नट आणि कोनचा (छर्रे धरणाऱ्या भागाचा) आतला नट जिथे टेकतात तेवढाच, रंग सँडपेपरने काढून लोखंड उघडं करा. फ्रेमला लागून बाहेरून दातेरी वायसर घाला, दाते फ्रेमकडे. त्यानंतर, लागतीलच तेवढ्या, बाकीच्या पट्ट्या. फ्रेमला मडगार्ड-कॅरिअरसाठी वेगळी भोकं असतील तर त्या पट्ट्या तिथे न्या, एक्सलवर ठेवूच नका. नटाचे आटे गेलेले असतील, म्हणजे शेवटपर्यंत आवळल्यावरही तो मऊ वाटत असेल, तर नट बदला. नट काही रुपयांचा असतो, त्यात काटकसर नको. आणि पाना लांब दांड्याचा घ्या. सायकलबरोबर मिळणाऱ्या पत्र्याच्या चपट्या पान्याने मागचा नट पुरेसा आवळला जात नाही, फक्त नटाचे कोपरे गोल होतात.

आवळताना क्रम असा. दोन्ही नट बोटाने फिरतील इतके सैल. चाक मागे ओढा, चेन हवी तेवढी ताणा, उजवा नट अर्धवट आवळा. मग चाकाला पुढून हाताने मधोमध आणा, म्हणजे दोन्ही नळ्यांपासून टायर सारख्या अंतरावर येईल, आणि डावा नट आवळा. आता परत उजव्याकडे या, पूर्ण आवळा. परत डावा. मग चेन पुन्हा तपासा, कारण आवळताना एक्सल हमखास थोडा हलतो. ब्रेकही बघा. चाक मागे-पुढे झालं की ब्रेकचे रबर रिमवर नीट बसत नाहीत, आणि ही गोष्ट घाईत राहून जाते.

एवढं करूनही वजनामुळे किंवा चढामुळे चाक सरकत असेल तर चेन अ‍ॅडजस्टर लावा. एक्सलमध्ये अडकवायची कडी आणि फ्रेमच्या टोकाला टेकणारा बोल्ट असं साधं प्रकरण आहे. खाच मागच्या बाजूला उघडणारी असेल तर ते सहज बसतं. उजव्या बाजूला एक पुरतं, दोन्हीकडे लावलं तर चाक सरळ ठेवायला सोपं जातं. एक मात्र लक्षात ठेवा, अ‍ॅडजस्टर नटाचं काम करत नाही. तो जागा धरतो, पकड नटाचीच.

किती घट्ट?

चेनच्या मधोमध बोट ठेवून वर-खाली करून बघा. एकूण हालचाल १२ ते १५ मिमी, म्हणजे बोटाच्या रुंदीएवढी असावी. तारेसारखी ताणून ठेवणारे लोक आहेत. त्यांना वाटतं आता उतरणारच नाही. पण अशी चेन गुरगुरते, पायडल जड जातं, आणि मागच्या हबचे (चाकाच्या मधल्या भागाचे) व बीबीचे (बॉटम ब्रॅकेट, जिथे क्रँक फिरतात तो भाग) छर्रे-कप लवकर खराब होतात. मग बीबी हलायला लागते आणि चेन पुन्हा उतरते, या वेळी दुसऱ्या कारणाने.

ही तपासणी एकाच जागी करून थांबू नका. मागचं चाक उचलून पायडल हळूहळू फिरवा आणि पाव-पाव फेऱ्याला चेन दाबून बघा. एका जागी घट्ट आणि दुसऱ्या जागी लोंबती असेल तर चेनव्हील मध्याला नेमकं गोल फिरत नाही. स्वस्त सायकलींत थोडं असतंच. अशा वेळी ताण ठरवायचा तो जिथे चेन सगळ्यात घट्ट होते त्या जागी, तिथे किंचित हालचाल ठेवून. सैल जागी ठरवाल तर घट्ट जागी सगळं करकर वाजेल. चेनव्हील क्रँकला बोल्टने जोडलेलं असेल तर बोल्ट थोडे ढिले करून, ठोकून, मध्यावर आणता येतं. काळ्या सायकलीत ते क्रँकला कायमचं बसवलेलं असतं. तिथे फरक खूप असेल तर क्रँकसकट बदलणं हाच मार्ग.

चेन खरोखर वाढली का?

वाढते. पण ती ताणून लांब होत नाही, प्रत्येक कडीतली पिन आणि बुश झिजतात आणि ती झीज बेरजेत लांबी म्हणून दिसते. मोजायला स्टीलची पट्टी पुरते. सायकलच्या चेनची एका पिनपासून पुढच्या पिनपर्यंतची लांबी अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिमी. चोवीस कड्या मोजा: नव्या चेनमध्ये बरोबर ३०४.८ मिमी. तोच आकडा ३०८ च्या आसपास गेला असेल तर झीज एक टक्क्याला पोचली, चेन बदला. शंभर कड्यांच्या चेनमध्ये एक टक्का म्हणजे जवळजवळ पूर्ण एक अर्ध्या इंची कडी वाढली, आणि तेवढा सैलपणा काढायला एक्सल ६ मिमीच्या आसपास मागे न्यावा लागतो.

चेन बदलताना फ्रीव्हीलही बदला. जुन्या चेनबरोबर फ्रीव्हीलचे दात झिजून एका बाजूला वाकलेले, टोकदार झालेले असतात. नवी चेन त्यांच्यावर बसत नाही, जोर लावला की उडी मारते. वर म्हटलेला कचकन पाय खाली जाण्याचा प्रकार बऱ्याचदा नव्या चेनच्या पहिल्याच दिवशी सुरू होतो तो यामुळे. तसं नसेल, दात चांगले असतील आणि तरीही पाय मोकळा जात असेल, तर फ्रीव्हीलच्या आतले कुत्रे अडकतात. पातळ तेल सोडून बघा. सुधारलं नाही तर वाट बघू नका, फ्रीव्हील बदला. चढावर उभं राहून पायडल मारताना ते निसटलं तर माणूस दांडीवर आपटतो.

नवी चेन घेताना जाडी सांगून घ्या. विनागिअरच्या सायकलीची चेन रुंद असते, आतली रुंदी १/८ इंच. गिअरची चेन अरुंद, ३/३२ इंच. अरुंद चेन रुंद दातांवर बसतच नाही. उलट केलं, म्हणजे अरुंद दातांवर रुंद चेन घातली, तर चालते पण डुगडुगते आणि वाजते. आणखी एक म्हणजे चेनची दोन टोकं जोडणाऱ्या चेन लॉकची क्लिप. तिची बंद बाजू चेन धावते त्या दिशेला हवी, म्हणजे वरच्या पट्ट्यात पुढे. उलटी बसवली तर चेनकव्हरला किंवा काडीला घासून क्लिप उडते.

फ्रीव्हील जड असेल तर

हे कारण कोणाच्या डोक्यात येत नाही. मागचं चाक उचला, जोरात पुढे फिरवा आणि पायडल सोडून द्या. चाक फिरत राहावं आणि पायडल शांत राहावं. चाकाबरोबर पायडलही फिरायला लागलं, किंवा चेनची वरची बाजू लोंबली, तर फ्रीव्हील अडखळतंय. रस्त्यावर पाय थांबवला की तेच होतं: चाक चेनला पुढे ढकलतं, वरची बाजू ढिली पडते, आणि तेवढ्यात खड्डा आला की चेन गेली. पावसात चिखलातून आल्यावर किंवा कोणीतरी फ्रीव्हीलमध्ये जाड ग्रीस भरल्यावर हे सुरू होतं. सायकल आडवी करा, फ्रीव्हीलच्या फिरत्या आणि स्थिर भागामधल्या बारीक फटीत डिझेलचे थेंब सोडत फिरवा, काळं पाणी निघून जाऊ द्या, मग शिलाई मशीनचं तेल. ग्रीस इथे घालायचंच नाही.

कडी आखडणं याचाच चुलतभाऊ. पायडल उलटं, अगदी हळू फिरवा आणि फ्रीव्हीलवरून सुटणाऱ्या चेनकडे बघा. आखडलेली कडी वाकडीच राहते, उडी मारते. दोन्ही हातांनी ती आडवी हलवून मोकळी करा, तेल द्या. गंज खाऊन सगळीच चेन अशी झाली असेल तर मात्र वेळ घालवण्यात अर्थ नाही.

रेष बिघडली असेल तर

सायकलच्या मागे बसा, एक डोळा मिटा आणि फ्रीव्हीलच्या दातांवरून पुढे चेनव्हीलकडे बघा. दोन्ही एका रेषेत हवेत. दोन मिमीचा फरक चालतो, चार-पाच मिमीचा नाही. चेनव्हील फिरवून बघा. डोलत असेल तर आधी बीबी पकडून हलवा: क्रँक दोन्ही हातांनी धरून बाहेर-आत ढकलल्यावर कटकट होत असेल तर कप सैल आहेत. फक्त एकच क्रँक हलत असेल तर कॉटर पिन, म्हणजे क्रँकला बीबीच्या एक्सलवर धरणारी खीळ, सैल आहे. सैल कॉटर पिन चालवत राहू नका. ती क्रँकचं भोक खाते आणि मग नवी पिनही टिकत नाही. या दोन्ही गोष्टी ठीक असून चेनव्हील डोलत असेल तर ते वाकलंय. मोठ्या पान्याच्या तोंडात दात-कड धरून थोडं थोडं सरळ करता येतं, घाई न करता.

आणि एक खास गोष्ट, कारण ती फार लोकांना माहीत नसते. कॉटर पिनच्या सायकलीत बीबीचा एक्सल दोन्हीकडे सारखा नसतो. उजवीकडची बाजू लांब असते, चेनव्हीलसाठी. बीबी खोलून ग्रीस भरल्यावर कोणी एक्सल उलटा बसवला तर चेनव्हील आत जातं, फ्रेमला घासायला लागतं, चेन तिरकी धावते. "बीबीचं काम केल्यापासून चेन उतरायला लागली" असं कोणी म्हणालं की मी पहिल्यांदा हेच बघतो.

मागे शॉकअब असेल तर

मागे-पुढे शॉकअब असलेली, पण गिअर नसलेली सायकल. दिसायला रुबाबदार, आणि मुलांच्याच नाही तर मोठ्यांच्याही गळ्यात मारली जाते. मागचा शॉकअब दबला की मागचं चाक आणि बीबी यांतलं अंतर बदलतं. गिअरच्या सायकलीत तो फरक मागचा स्प्रिंगवाला डिरेलर (गिअर बदलणारा भाग) भरून काढतो. इथे तो नाही. म्हणजे चेन कुठल्या तरी क्षणी सैल असणारच, नाहीतर कुठल्या तरी क्षणी तुटेल इतकी ताणली जाणार. वर सांगितलेलं सगळं केलं तरी या सायकलीत चेन उतरण्याचं पूर्ण थांबत नाही. स्प्रिंगचा चेन टेन्शनर लावणं हा एक उपाय, शॉकअब जमेल तेवढा कडक करणं हा दुसरा. विकून टाका, हा माझा सल्ला.

नवी घ्यायची असेल तर आधी मागे बघा

रंग, सीट, घंटी हे सगळं नंतर बदलता येतं. फ्रेमची मागची खाच बदलता येत नाही. ती लांब आणि आडवी असावी, जाड पत्र्याची असावी. वरून खाली उतरणारी उभी खाच ही गिअरच्या सायकलीसाठी असते. तिच्यात चाक मागे ओढून चेन घट्ट करण्याची सोयच नाही, टेन्शनर लावत बसावं लागतं. स्वस्तात मिळाली म्हणून जुनी गिअरची सायकल आणून सिंगल स्पीड करणारे इथेच अडकतात.

क्रूझर हा प्रकार मुळात अमेरिकेतला. शिकागोच्या श्विन कंपनीने १९३३ मध्ये २६ × २.१२५ इंचाचे फुगीर टायर घातलेली सायकल आणली, आणि रुंद टायर, सिंगल स्पीड, सरळ पाठीने बसायचं हे रूप तिथून रूढ झालं. आपल्याकडची काळी सायकल तिच्यापेक्षा वेगळ्या वळणाची, २८ × १ १/२ च्या चाकांची. पण मोठ्या माणसाला रोज चार-सहा किलोमीटर आरामात जायचं असेल तर दोन्ही सारख्याच उपयोगी. काळीचा फायदा भागांचा. अ‍ॅटलसचा साहिबाबादचा कारखाना जून २०२० मध्ये बंद पडला, तरी जुन्या अ‍ॅटलसला लागणारे चेन, फ्रीव्हील, कॉटर पिन, छर्रे तालुक्याच्या कुठल्याही दुकानात मिळतात, कारण मापं सगळ्यांची तीच. फॅन्सी क्रूझर घेताना हेच विचारा: फ्रीव्हील साधं आट्यांचं आहे का, आणि पायडलचा आटा कुठल्या मापाचा. अमेरिकी पद्धतीच्या एकसंध क्रँकला १/२ इंचाचं पायडल लागतं, तीन भागांच्या क्रँकला ९/१६ चं. डाव्या पायडलचा आटा उलटा असतो, हे जाता जाता.

अपग्रेड करायचंच तर

पहिला खर्च फ्रीव्हीलवर करा, आणि दातांचा विचार करून करा. पुढे ४४ आणि मागे १८ दात असतील तर एका पायडल-फेऱ्यात सव्वीस इंची सायकल साधारण ५ मीटर जाते. सपाट मिरज रस्त्याला हे बरं आहे. दंडोबाच्या डोंगराच्या बाजूला चढ लागला, किंवा वारा समोरून आला, की पन्नाशीच्या गुडघ्याला ते जड जातं, माणूस उभा राहून जोर लावतो, आणि मागचा एक्सल सरकायला तिथेच सुरुवात होते. मागे २० दात घातले तर फेऱ्याला साडेचार मीटर, २२ घातले तर ४ मीटरच्या थोडं वर. वेग थोडा कमी होतो, पण बसल्या बसल्या चढ चढता येतो आणि चेनवरचा ताणही कमी.

दात बदलले की चेनची लांबी बदलते. एक दात वाढला की एक्सल साधारण ३ मिमी पुढे येतो. १८ चे २० केले तर जुन्या लांबीची चेन चालून जाते, खाचेत एक्सल ६ मिमी पुढे बसतो. २२ केले तर चेनमध्ये एक पूर्ण इंचाची जोड जास्त ठेवा, एक्सल होता तिथेच राहील. खाच संपली आणि चेन तरीही सैल असेल तर पूर्ण जोड काढल्यावर एक्सल साडेबारा मिमी पुढे येतो. तेवढी जागा नसेल तर हाफ लिंक मिळते, ती निम्मी सोय करते.

यानंतर टायर, मग सीट. हँडल, बास्केट, आरसा हे आपापल्या हौसेने. बास्केट पुढे लावली तर चांगलं, कारण मागच्या एक्सलवरची एक पट्टी कमी होते.

काळ्या मातीच्या भागात पावसाळ्यात चेनवर चिखल बसून दगडासारखा होतो, आणि त्यावर गाडीचं जळकं ऑइल ओतायची आपल्याकडे पद्धत आहे. त्या ऑइलात धूळ अडकते आणि चेन सँडपेपरसारखी झिजते. चेन फडक्याने पुसा, पातळ तेलाचा एक एक थेंब प्रत्येक कडीच्या रोलरवर, पायडल उलटं फिरवत, आणि मग बाहेरचं तेल पुन्हा पुसून टाका. तेल आत हवं, बाहेर राहिलं तर फक्त धूळ गोळा करतं.

रस्त्यात उतरलीच तर चेन आधी मागे फ्रीव्हीलवर पूर्ण बसवा. पुढे चेनव्हीलच्या वरच्या दोन-तीन दातांवर अडकवा, बोटं काढा, मागचं चाक उचलून पायडल हाताने हळू पुढे फिरवा. बोटं चेन आणि दातांच्या मधे असताना कोणालाही चाक फिरवू देऊ नका, विशेषतः मदतीला आलेल्या उत्साही पोरांना.

उलटं पायडल मारून ब्रेक लागणारी क्रूझर कोणाकडे असेल, परदेशात राहणाऱ्यांकडे कधी कधी असते, त्यांनी हे सगळं आज संध्याकाळीच तपासा. त्या सायकलीत मागचा ब्रेक चेनमधूनच चालतो. चेन उतरली की ब्रेकही गेला. हबपासून फ्रेमच्या खालच्या नळीला जोडलेली पट्टी, तिचा क्लँप आणि बोल्ट घट्ट आहे का बघा, आणि पुढच्या चाकाला हाताने दाबायचा ब्रेक नसेल तर आधी तो बसवून घ्या.